कुमुदकाकूंचं कोलस्लॉ

कुमुदकाकूंच्या सुनेचा, ऋचावहिनींचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्टँडवर उभी होते. कॉलेज नुकतंच सुटलं होतं. बसचे हॉर्न, फळवाल्यांची ओरड, आणि त्यात वहिनींचा आवाज इतका बारीक की दुसऱ्या कानात बोट घालून ऐकावं लागत होतं. "स्नेहल, आई गेल्या गं. आत्ताच..." मी नुसतं "हो" म्हटलं. मग पुन्हा "हो" म्हटलं. काकूंना न्यूमोनिया झाला होता, त्या दवाखान्यात होत्या, पण आदल्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या आणि तिथल्या उपम्याला नावं ठेवत होत्या. नावं ठेवणारं माणूस बरं होणार, असं मी धरून चालले होते. माझी बस आली, थांबली, निघूनही गेली. मी तिथेच उभी राहिले.

त्याला आता काही आठवडे झाले. हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. कुमुदकाकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल लिहिण्याचा हक्क खरं तर त्यांच्या मुलाचा, सुनेचा. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. त्या रविवारचंही लिही. माझं वागणंही लिही, लपवू नकोस." म्हणून धीर केला आहे.

मी निपाणीजवळच्या एका गावातली. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, आई शिवणकाम करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.ला बंगळूरला प्रवेश मिळाला, पण एवढ्या मोठ्या शहरात मुलीने राहायचं कुठे, यावर घरी रोज चर्चा व्हायची आणि रोज "नको पाठवायला" इथे येऊन थांबायची. मग ओळखीतून कळलं की तिथल्या कग्गदासपुऱ्यात एक मराठी बाई एकट्या राहतात, त्यांना सोबत हवी आहे. काकूंचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. पुण्याहून दोघं लग्नानंतर इथे आले, घर बांधलं, इथलेच झाले. यजमान वारल्यावर काकू त्या घरात एकट्याच राहत होत्या. मुलगा अभिजीतदादा, सून ऋचावहिनी आणि नात ईरा शहराच्या टोकाला, व्हाइटफील्डला. मला मागची खोली मिळाली. पहिल्या दिवशी बॅग घेऊन मी दारातच उभी राहिले होते, चप्पल कुठे काढायची ते कळेना म्हणून. काकू म्हणाल्या, "काय गं, तुमच्या निपाणीत पाहुण्यांना दारातच उभं करतात का? आत ये. कॉफी घेतेस की चहा?"

"चहा," मी म्हटलं.

"म्हणजे अजून बंगळूरची झाली नाहीस. सरी, होशील हळूहळू."

त्यांच्या बोलण्यात असं 'बरं'ऐवजी सरी आणि 'थोडं'ऐवजी स्वल्प सारखं यायचं. भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करून त्या माझ्याकडे वळायच्या आणि पुणेरी मराठीत त्याच भाजीला नावं ठेवायच्या. पण स्वयंपाक मात्र पक्का आमच्याकडचा. आणि आमच्याकडचा म्हणजे दाण्याचं कूट आलंच. वांग्यात कूट, उसळीत कूट, खिचडीत कूट, काकडी-कोबी-गाजर काहीही चिरलं की त्यावर कूट. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात कुटाचा स्टीलचा डबा असायचा. डाव्या हाताने झाकण काढायचं, उजव्या हाताची चिमूट जायची, आणि हे होत असताना काकूंचे डोळे खिडकीबाहेर आणि तोंड माझ्याशी बोलण्यात गुंतलेलं. मी कधी त्यांना डब्याकडे बघून कूट घालताना पाहिलं नाही. माझी आईही असंच करते. बहुधा आपल्याकडच्या सगळ्याच बायका तसंच करत असतील.

आणि ईराला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नाही. एका वाढदिवसाला तिने इडलीबरोबर दाण्याची चटणी खाल्ली, ओठ सुजले, मग घसा, मग श्वास घेता येईना. दवाखान्यात वेळेवर पोहोचले म्हणून वाचली. तेव्हापासून वहिनींच्या पर्समध्ये औषधांची एक छोटी पिशवी कायम असते, आणि काहीही विकत घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय त्या ते टोपलीत टाकत नाहीत. ईरा काकूंकडे यायची असली की कूट, शेंगदाणे, माझ्या आईने पाठवलेली चटणी, सगळं उचलून काकूंच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात जायचं. ओटा साबणाने धुवायचा. मिक्सरचं भांडं वेगळं. काकू हे सगळं न कुरकुरता करायच्या. सुट्टीत ईरा चार-चार दिवस राहायची, तेव्हा त्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली काकूंच्या कमरेला.

मग काकू विसरायला लागल्या. आधी लहानसहान. मीठ घातलं का, असं दोनदा विचारायच्या. चष्मा डोक्यावर ठेवून शोधायच्या. त्यावर आम्ही हसायचो. पण एकदा मी कॉलेजात असताना त्यांनी कढई गॅसवर ठेवली आणि फाटकाशी शेजारच्या अक्कांशी बोलत उभ्या राहिल्या. घरातून धूर यायला लागला तो अक्कांनीच आधी पाहिला. त्यांनी अभिजीतदादाला फोन केला. तो त्याच संध्याकाळी आला, काळ्या पडलेल्या कढईकडे बघत म्हणाला, "आई, तू आता आमच्याकडे चल."

"मी काय सामान आहे का, चल म्हणायला?"

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीपण नाही. हे घर तुझ्या बाबांनी बांधलंय. मी इथून जाईन ती..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी समोर होते म्हणून असेल.

त्यानंतर फोनवर रोज तेच. दादाचा आवाज चढायचा, काकूंचा त्याहून चढायचा. आणि ईरा राहायला यायची बंद झाली. वहिनींनी कारण कधी सांगितलं नाही, फक्त प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. क्लास, सर्दी, मैत्रिणीचा वाढदिवस. एकदा फोन ठेवून काकू म्हणाल्या, "ऋचा भांडत नाही, बघ. भांडली असती तर बरं झालं असतं. बोलत नाही म्हणजे तिने ठरवलंय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घर सोडावं लागेल ही भीती त्यांना होतीच, पण नात आपल्या हातचं खाणार नाही ही भीती त्याहून मोठी होती.

शेवटी दादा म्हणाला, रविवारी आम्ही सगळे जेवायला येतो, समोरासमोर बसून काय ते ठरवू. काकूंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "रविवारी परीक्षा आहे. तुझी नव्हे, माझी."

जेवायला काय करायचं हे ईरानेच ठरवलं. तिच्या वर्गातल्या मुली मॉलमध्ये जाऊन कोलस्लॉ, म्हणजे पांढऱ्या सॉसमधली कोबीची गार कोशिंबीर, खायच्या आणि शाळेत त्याच्या गप्पा मारायच्या. वहिनी तिला ते बाहेर कधी खाऊ देत नसत, कारण त्या पांढऱ्या सॉसमध्ये काय काय असतं ते कोणी नीट सांगत नाही. काकू फोनवर म्हणाल्या, "मी करते घरी. त्यात काय, कोबीच आहे ना?" मी त्यांना हळूच म्हटलं, काकू, नेहमीचा स्वयंपाक करा, वरण-भात, पुरी-भाजी, उगाच नवीन कशाला... त्या माझ्यावरच उखडल्या. "वरण-भात मी डोळे मिटून करीन. डोळे मिटून केलेलं कोण धरतंय? नवीन काहीतरी नीट करून दाखवलं, की मग बघू कोण म्हणतं माझं डोकं चालत नाही."

मग आमची तालीम सुरू झाली. माझ्या मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि काकूंनी करायचं. पहिल्या दिवशी त्यांनी कोबी कोशिंबिरीसारखाच केला, म्हणजे मीठ अगदी शेवटी घातलं. आपली कोशिंबीर लगेच पानात जाते, म्हणून ते चालतं. पण हे गार व्हायला ठेवायचं असतं. तासाभराने बघितलं तर भांड्याच्या तळाशी पाणीच पाणी आणि त्यात पांढऱ्या सॉसचे ओघळ. तो पांढरा सॉस म्हणजे मेयोनीज, ते तर पार फाटलं होतं. अंडं घालायचं नव्हतं, म्हणून गार दुधात तेल घालून ते हँड ब्लेंडरने घट्ट करायचं असतं. काकूंनी तेल एकदम ओतलं. "तू रसायनशास्त्र शिकतेस ना? मग हे एकत्र का होत नाही सांग," असं त्यांनी मलाच दटावलं. मी वहीत लिहिलेलं सगळं सांगितलं, तेलाचे थेंब, पाणी, मधे धरून ठेवणारं काहीतरी. त्या म्हणाल्या, "धरून ठेवणारं म्हणजे मोहरी. मग आधी सांगायचं ना." त्यांनी खलबत्ता काढला, मोहरी थोडं थोडं पाणी घालून फेसली. लोणच्यासाठी फेसतात तशी, नाकात झणका जाईपर्यंत. ती दुधात घालून, तेल अगदी बारीक धारेने सोडत ब्लेंडर फिरवला आणि बघता बघता भांड्यात पांढरं, जाड, चकचकीत काहीतरी वर आलं. काकूंनी बोट लावून चाटलं. "जमलं," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या टाळी वाजवून हसल्या. तेवढं एक हसणं सोडलं तर त्या आठवड्यात मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

रविवार उजाडला. काकूंनी पहाटेच ओटा धुतला. कोबी इतका बारीक चिरला की धाग्यांसारखा दिसत होता. गाजर किसलं. मीठ आणि साखर चोळून दोन्ही चाळणीत ठेवलं, पाणी सुटलं तसं स्वच्छ पंच्यात घेऊन घट्ट पिळलं. पिळताना त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. मी म्हटलं, द्या, मी पिळते. "नको. सगळं मी करणार." मोहरी फेसली, दूध-तेल घुसळलं, लिंबू पिळलं, मिरपूड घातली. इथपर्यंत मी शेजारी उभी होते. पुऱ्यांची कणीक मळून झाली होती, बटाट्याची भाजी झाकून ठेवली होती. आता फक्त कोबी आणि ते पांढरं मिश्रण एकत्र कालवायचं राहिलं होतं. तेवढ्यात फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला. काकू म्हणाल्या, "जा, फाटक उघड. मी कालवते."

मी गेले. दादाला गाडी आत घेता येईना, शेजाऱ्यांची स्कूटर आडवी होती, ती हलवली. ईरा उडी मारून उतरली आणि मला चिकटली. वहिनींनी खांद्यावरची पर्स सावरली. त्यांचा हात पर्सच्या औषधांच्या कप्प्यावर एकदा जाऊन आला, ते मला दिसलं. मी स्वयंपाकघरात परत आले तेव्हा काकू काचेच्या मोठ्या भांड्यावर ताटली ठेवत होत्या. सगळं कालवून झालं होतं. आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात कुटाचा डबा होता. झाकण बाजूला काढलेलं.

मी त्या डब्याकडे बघत राहिले. तो कपाटात असायला हवा होता; सकाळपासून शेजारी असून माझंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. काकू तो आत न्यायला निघाल्या होत्या आणि हॉर्न वाजला म्हणून राहिला? की तो तिथेच होता आणि त्यांचा हात नेहमीसारखा... मी ताटली उचलून बघितलं. पांढऱ्यात कोबीचे धागे, केशरी गाजर आणि सगळीकडे तपकिरी कण. मिरपुडीचे? मोहरीचे? मी चमच्याने थोडं चाखलं. मोहरीचा झणका इतका होता की दुसरं काही कळायलाच तयार नाही. मी काकूंच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "काकू, डबा बाहेर आहे... कूट घातलंत का?"

"वेडी आहेस का? घालीन कशी?" त्या फटकन म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. झाकणाकडे गेलं. त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि बोटांकडे बघितलं. बोटं धुतलेली होती, ओली होती. बाहेरून दादाची हाक आली, "आई, भूक लागलीय!" काकूंनी झाकण लावलं, डबा उचलून कपाटात नेऊन ठेवला, कुलूप लावलं. तोपर्यंत दादाने हौसेने आत येऊन काचेचं भांडं उचललं होतं आणि टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं.

मी ईराच्या शेजारची खुर्ची घेतली. ती जागा खरं तर वहिनींची. मला दुसरं काही सुचत नव्हतं. काकूंनी बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते, पण माझा हात भांड्याजवळ ठेवला होता. मनात ठरवलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत तर मी बोलायचं. माझ्या बोलण्याने त्यांचं घर जाणार होतं, हेही मला कळत होतं. काकू पुऱ्या तळत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. दादा खूश होता. घरातली स्वच्छता, टेबलावरच्या ताटल्या, ते मॉलमधल्यासारखं दिसणारं कोलस्लॉ, सगळं बघून तो म्हणाला, "आई, खरं सांगू? उगाचच काळजी करत होतो आम्ही. झकास केलंयस हे सगळं." वहिनीही जरा सैल झाल्या होत्या. त्यांनी ईराच्या ताटात मोठा चमचाभर कोलस्लॉ वाढलं आणि नेहमी विचारतात तसं, अगदी सवयीने, हसून विचारलं, "आई, दाणे नाहीत ना कशात?"

काकूंनी गॅस बंद केला. झारा कढईवर आडवा ठेवला. मागे वळल्या. एक शब्द म्हटला असता तर पुरत होतं. तो शब्द वहिनींनी त्यांच्या तोंडात जवळजवळ ठेवलाच होता. दादाने तर त्याआधीच निकाल सांगून टाकला होता. ईराने चमचा भरला होता. मी तिच्या मनगटावर हात ठेवला, आणि त्याच वेळी काकू म्हणाल्या,

"थांब, ईरा. खाऊ नकोस."

"का?" ईरा म्हणाली.

"मला आठवत नाही." त्या वहिनींकडे बघत होत्या. "ऋचा, मला आठवत नाही. हात गेला असेल, नसेलही. डबा बाहेर होता. घातलं नसणार असं मला वाटतंय... पण आठवत नाही."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी ईराच्या हातातून चमचा काढून घेतला, तिची बोटं धरली, ओठ बघितले, "खाल्लंस? थोडं तरी खाल्लंस? जीभ दाखव." ईरा घाबरून रडायला लागली. तिने खाल्लं नव्हतं. तरी वहिनी तिला नळाखाली नेऊन हात धुवत राहिल्या. दादा म्हणाला, "आई, आठवत नाही म्हणजे काय?" त्याच्या आवाजात राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. काकू म्हणाल्या, "म्हणजे आठवत नाही, अभि. याहून सोपं करून कसं सांगू?" त्यांनी काचेचं भांडं उचललं, सगळंच्या सगळं कचऱ्याच्या पिशवीत उलटं केलं आणि भांडं घासायला घेतलं. इतक्या दिवसांची खटपट त्या पिशवीत गेली. त्यात कूट होतं की नव्हतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

जेवण कोणी धड केलं नाही. दादा ईराला घेऊन अंगणात गेला. मी ताटं उचलून आत नेत होते तेव्हा वहिनी मोरीपाशी काकूंच्या शेजारी उभ्या होत्या. त्या भांडी विसळत होत्या, काकू घासत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही 'नाही' म्हणाला असतात तर मी तिला खाऊ दिलं असतं."

"म्हणून तर म्हटलं नाही."

वहिनींनी एक वाटी विसळून पालथी घातली. मग वहिनी म्हणाल्या, "मी ईराला इकडे पाठवत नव्हते. सर्दी वगैरे काही नव्हतं तिला."

"माहीत आहे गं. मी असते तर मीही पाठवलं नसतं." काकूंनी हात पुसले. "मी येते तुमच्याकडे. पण मला तिथे सोफ्यावर बसवून टीव्ही लावून द्यायचा नाही. मला ओटा हवा."

"ओटा तुमचा."

"आणि कूट?"

"कूट तेवढं नाही, आई."

"कूट नसलेलं घर," काकू म्हणाल्या, "माझ्या माहेरी कळलं तर परत घेऊन जातील मला." आणि मग त्या दोघी एकदमच हसायला लागल्या. हसता हसता वहिनी रडायला लागल्या. मी ताटं खाली ठेवून बाहेर निघून आले. तिथे माझं काम नव्हतं.

माझी कॉलेजची परीक्षा होईपर्यंत दादाने मला त्या घरात राहू दिलं, नंतर मी हॉस्टेलला गेले. काकू व्हाइटफील्डला गेल्या. रविवारी मी मेट्रोने त्यांना भेटायला जायचे. त्या उंच इमारतीत त्यांना पहिल्यांदा फार त्रास झाला. लिफ्टमध्ये त्या देवाचं नाव घ्यायच्या, आणि वॉचमनशी कानडीत बोलल्यावर तो हिंदीत उत्तर द्यायचा याचा त्यांना राग यायचा. विसरणं वाढतच होतं. कधी कधी त्या मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. पण ओट्यापाशी त्यांनी एक नियम केला होता आणि तो त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. भांड्यात जे घालायचं ते आधी मोठ्याने बोलायचं आणि हातात धरून थांबायचं. आणि घरात जो कोणी असेल त्याने उठून यायचं, भांड्यात आणि हातात बघायचं आणि म्हणायचं, "बघितलं." मगच ते भांड्यात घालायचं. "माझ्या डोक्याचा भरवसा नाही," त्या म्हणायच्या, "म्हणून तुमचे डोळे उसने घेते."

घरात शेंगदाणा नावालाही नव्हता, तरी नियम होता. मीठ म्हटलं की दादा पेपर टाकून यायचा. एकदा त्याने जागेवरूनच "बघितलं" म्हटलं तर काकू तशाच चमचा हातात धरून उभ्या राहिल्या, डाळ उकळत राहिली, पण चमचा खाली आला नाही. शेवटी तो "काय हे, आई" म्हणत उठला. "मीठ दिसतं का तुला तिथून? डोळे आहेत की दुर्बीण?" रविवारचं कोलस्लॉ ठरलेलं होतं. ते ईरा आणि काकू मिळून करायच्या. एक म्हणायची "कोबी," दुसरी म्हणायची "बघितलं." एक "मोहरी," दुसरी "बघितलं," आणि मग दोघी मोहरीने नाक चोळत शिंकायच्या. वहिनी ईराला काकूंबरोबर एकटं सोडून ऑफिसला जायला लागल्या. कामवाल्या मावशी असायच्याच घरात. पण वहिनी जायच्या, आणि काकूंना त्याचं अप्रूप वाटायचं. मला प्रत्येक वेळी फोन करून सांगायच्या, "ऋचा आज ऑफिसला गेली होती." जसं काही ती पहिल्यांदाच गेली होती.

गेल्या रविवारी मी व्हाइटफील्डला गेले होते. काकूंची खोली आवरून झाली होती, अंथरूण काढून टाकलं होतं. त्या खोलीत मला काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर. ती त्यांची खोली कधी झालीच नव्हती. दादा बाहेर गेला होता. वहिनींना रविवारचीही मीटिंग होती, त्या हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. ईरा स्वयंपाकघरात स्टुलावर चढली होती. तिने कोबी स्वतः चिरला होता, जाडाभरडा, आजीसारखा धागा काही जमला नव्हता. मी मदत करू का विचारलं, तर "तू बस" म्हणाली. मी दाराशी उभी राहिले.

"कोबी," ईरा मोठ्याने म्हणाली आणि थांबली.

मी पुढे व्हायला लागले. तेवढ्यात हॉलमधून वहिनींचा आवाज आला. त्यांनी माइक बंद केला असावा. "बघितलं."

ईराने हातातला कोबी भांड्यात टाकला नाही. तिने मान वळवली. "असं नाही, आई. उठून यायचं असतं."

वहिनींनी हेडफोन काढले. लॅपटॉपमधून कोणीतरी इंग्रजीत त्यांचं नाव घेऊन काहीतरी विचारत होतं. त्या उठल्या, ओट्यापाशी आल्या, आणि रिकाम्या भांड्यात वाकून त्यांनी नीट, सावकाश बघितलं. मग ईराच्या हाताकडे बघितलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या, आणि गाजर होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.